आठाच्या आधी उठायचं नाही

९ नोव्हेंबर, रविवार. आज बॉक्सिंगची बॅग उतरवायची आहे. मॅनेजरचा मेसेज शुक्रवारीच आला होता. सोमवारपासून ती खोली सामान ठेवायला लागणार, तेव्हा बॅग, साखळी, हुक, सगळं काढून टाका. मेंटेनन्सचा माणूस सुट्टीवर आहे, आणि तीन वर्षांपूर्वी ती बॅग टांगताना शिडीवर मीच चढले होते, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. पाना आणि थर्मासमध्ये चहा घेऊन मी दुपारी दोनला पोचले.

अर्ध्या तासाचं काम. शिडीवर चढले तर समोरच्या खुंटीवर पांढऱ्या सुती पट्ट्यांच्या गुंडाळ्या टांगलेल्या दिसल्या. ग्लोव्ह घालण्याआधी हाताला बांधतात त्या. सगळ्या माझ्या आईच्या साड्या फाडून केलेल्या. मी शिडीच्या वरच्या पायरीवर बसले आणि चहा ओतून घेतला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळची नागपूरची, अमेरिकेतल्या श्रूजबरीत येऊन बावीस वर्षं झाली. शेजारच्या गावात एका नर्सिंग होममध्ये काम करते. इथे नर्सिंग होम म्हणजे ज्यांना घरी एकटं राहणं जमत नाही अशी म्हातारी माणसं कायमची राहतात ती जागा. मास्तर तिथे राहायला आले तेव्हा सत्तर वर्षांचे होते. कंपवात झालेला, डावा कान बहिरा, वजन साठ किलो. वजनाचा त्यांना अभिमान होता. "लढत होतो तेव्हाही साठच," असं ते काट्यावर चढण्याआधीच सांगायचे, आणि दोनशे ग्रॅम जास्त भरलं तर स्वेटर काढून पुन्हा चढायचे.

ते क्युबाचे. मास्तर हे नाव माझं. त्यांनी एकदा विचारलं की तुमच्या भाषेत शिकवणाऱ्याला काय म्हणतात, मी सांगितलं, त्यांना ते त्यांच्या स्पॅनिशमधल्या 'माएस्त्रो'सारखंच वाटलं आणि तेच ठेवलं. बाकी सगळे त्यांना 'चॅम्प' म्हणायचे, आणि ते दर वेळी दुरुस्त करायचे.

"हाय चॅम्प!" मॅनेजर कॉरिडॉरमधून जाताना म्हणायचा. तिशी-पस्तिशीचा मुलगा, वाईट नाही, पण हातात सतत टॅब्लेट आणि बोलण्यात सतत पॉलिसी.

"नो चॅम्प. ॲमेच्युअर," मास्तर म्हणायचे.

हौशी. हा शब्द ते असा उच्चारायचे, जसा आपल्याकडे एखादा माणूस 'पीएचडी' म्हणतो. त्यांच्या देशात पैसे घेऊन बॉक्सिंग खेळायला बंदी होती. ऊस तोडणाऱ्याचा मुलगा. अकराव्या वर्षी सरकारनं खेळाच्या शाळेत उचलून नेला, विसाव्या वर्षी देशाच्या संघात. जर्मनी, पोलंड, बल्गेरिया पाहिले, म्हणजे तिथल्या व्यायामशाळा आणि वजनकाटे पाहिले. पुढे संघात त्यांच्या जागी एक तरुण मुलगा घ्यायचं ठरलं. मास्तर म्हणाले, आधी माझ्याशी लढवा. लढवलं. मास्तर जिंकले. तरीही संघात तो मुलगाच गेला. तेव्हा त्यांनी आपले ग्लोव्ह अधिकाऱ्याच्या टेबलावर, जेवणाच्या ताटात ठेवले. ताटात भात आणि काळे घेवडे होते, हा तपशील ते कधी गाळत नसत. त्यानंतरची बारा वर्षं त्यांनी बेकरीत पाव भाजले.

लग्न दोन. पहिलं एका स्पर्धेच्या उपांत्य आणि अंतिम सामन्याच्या मधल्या दिवशी, कारण नोंदणी कार्यालयानं तोच दिवस दिला होता. लग्नाच्या फोटोत नवऱ्याचा डावा डोळा पूर्ण बंद आहे. "मी तिला अर्धीच पाहिली, म्हणून हो म्हणालो," असं ते म्हणायचे. "तिनं मला पूर्ण पाहिलं होतं, म्हणून ती सोडून गेली." या बायकोची मुलगी फ्लोरिडात. दर रविवारी बापलेक फोनवर बेसबॉलवरून भांडत. दुसरी बायको इथे, अमेरिकेत मिळाली, तीही बेकरीतली. ती वारली तेव्हा मास्तर आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत, आणि नवव्या दिवशी कामावर गेले. हे मला मुलीनं सांगितलं. त्या आकड्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

इथे आल्यावर एका माणसानं त्यांना पाच व्यावसायिक लढतींची ऑफर दिली होती. वय चाळीस, पण नाव विकलं गेलं असतं. मास्तरांनी नकार दिला आणि शाळेत झाडू मारायची नोकरी धरली. संध्याकाळी चर्चच्या तळघरात फुकट शिकवायचे. मी विचारलं, इथे तर बंदी नव्हती ना?

"म्हणूनच," ते म्हणाले. "तिकडे बंदी होती म्हणून हा हौशी राहिला, असं कुणी म्हणायला नको. डॉक्तोरा, ते माझं होतं. सरकारचं नव्हतं."

मी डॉक्टर नाही हे त्यांना शंभरदा सांगून झालं होतं.

आता त्यांचे इतर वेडेपणे. ते लाल वस्तूला हात लावत नसत. रिंगचा लाल कोपरा लाडक्यांचा, निळा बाहेरच्यांचा, आणि हे कायम निळ्यात. शुक्रवारी जेवणात लाल जेली यायची, ती झाकण न काढता परत जायची. थंडीत कुणीतरी त्यांच्या अंगावर लाल ब्लँकेट घातलं तर झोपेतसुद्धा लाथेनं उडवायचे. बाजारातल्या ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या मी आणून दिल्या, तर त्यांनी त्या कचऱ्यात टाकल्या. "जे ताणतं ते खोटं बोलतं," म्हणाले. त्यांच्याकडे चादर फाडून केलेल्या दोन जुन्या पिवळ्या पट्ट्या होत्या, त्या ते रोज बेसिनमध्ये धुऊन रेडिएटरवर वाळत घालायचे.

दर मंगळवारी त्यांचा वर्ग भरे. आधी एकटेच त्या रिकाम्या खोलीत बॅगवर हात चालवायचे, कारण ठोसे मारताना त्यांचे हात थरथरत नसत. ते पाहून कंपवाताचे इतर पेशंट आले. सहा जण, निम्मे व्हीलचेअरवर. एक निवृत्त पोस्टवाली होती, एकेकाळी चाळीस पौंडांची पिशवी खांद्यावर घेऊन फिरणारी. तिला ते म्हणायचे, "अगं, मारतेस का पत्र टाकतेस?" ती त्यांना अशी शिवी द्यायची की मी दार लावून घ्यायचे. मग मारायची. मॅनेजमेंटनं वर्गाबद्दल मास्तरांना कॉफीच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड दिलं. मास्तरांनी ते मॅनेजरच्या खिशात परत खोचलं आणि खिसा थोपटला.

तर अशा माणसाला तिसऱ्या मजल्यावर पाठवायची वेळ आली, आणि ती माझ्यामुळे आली.

तिसरा मजला म्हणजे ज्यांना काही समजेनासं झालंय, जे भलतीकडे निघून जातात, त्यांचा मजला. दाराला कोडचं कुलूप. तिथून वर्गाला खाली येणं नाही, बॅग नाही. कुणाला वर न्यायचं ते बऱ्याच गोष्टींवर ठरतं, पण त्यातली एक चाचणी माझी. पेशंटला हात असलेल्या खुर्चीत बसवायचं, "गो" म्हणायचं, आणि घड्याळ सुरू करायचं. पेशंटनं उठायचं, दहा फुटांवरच्या रेघेपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. ठरलेल्या सेकंदांत झालं तर ठीक.

मास्तरांना मी तीन महिन्यांत तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच. मी "गो" म्हटलं की ते नुसते बसून. समोर बघत. मी पुन्हा म्हणायचे नाही, कारण नियम तसा आहे. मग एकदम उठायचे आणि नीट चालायचे, पण तोवर घड्याळ बरंच पुढे गेलेलं असायचं. मी लिहिलं, 'सूचना समजून कृती करण्यास विलंब.' तिन्ही वेळा लिहिलं. जे दिसलं ते लिहिलं.

मॅनेजरनं फ्लोरिडाला फोन केला. मुलगी म्हणाली, रिपोर्ट तसा असेल तर मी सही करते. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. म्हणाले, "ज्या दाराची कडी माझ्या बाजूला नाही, त्या खोलीत मी पायानं जाणार नाही. उचलून नेणार असाल तर चार माणसं आणा. दोघं पुरणार नाहीत." शेवटची चाचणी दोन आठवड्यांनी ठरली.

त्याच सुमारास आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. घरी एकटी बसून कंटाळायची म्हणून मंगळवारी मी तिला बरोबर आणायचे. पहिल्याच दिवशी तिनं रेडिएटरवरच्या पट्ट्या पाहिल्या.

"अवो बाप्पा, ह्या चिंध्या कायले जपून रायला हा मानूस?"

मी समजावून सांगितलं. पुढच्या मंगळवारी तिनं पिशवीतून दोन पांढऱ्या सुती साड्या काढल्या. दीक्षाभूमीला जाताना नेसून नेसून मऊ झालेल्या. तिनं काठ दातांनी तोडला आणि फर्रकन पट्टी फाडली. मास्तरांनी ती ओढून पाहिली. ताणली नाही. त्यांनी उजवी मूठ छातीशी नेली.

"जय भीम, पैलवान," आई म्हणाली.

"जय भीम," मास्तर म्हणाले. अर्थ त्यांनी मला नंतर विचारला.

आईला इंग्रजी जेमतेम, स्पॅनिश शून्य. त्यामुळे ती ऐकत नसे, बघत असे. एका मंगळवारी पोस्टवाली खुर्चीतून उठताना घसरून गादीवर बसली. मी धावले. मास्तरांनी हात आडवा घालून मला थांबवलं आणि मोठ्यानं मोजायला लागले. उनो, दोस, त्रेस... पोस्टवाली खाली बसून श्वास घेत राहिली. ओचो, म्हणजे आठ झालं आणि ती माझा हात धरून उठली. ताठ.

गाडीत आई म्हणाली, "तुले एवढं शिकवलं, अन् तुले दिसलं नाई?"

"काय?"

"तो पैलवान सोताबी तसाच उठते. त्याचे ओठ पाह्य ना. जेवून उठाच्या आंधी गिनते, मनातल्या मनात. आठ झाले का उठते. तू त्याले ऊठ म्हनते, अन् तो गिनत बसते. अन् तू लिहिते का त्याले समजत नाई."

पुढच्या सिग्नलला मी गाडी चुकीच्या लेनमध्ये घातली. हे सहसा होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं?

"तू विचारलं नाहीस. घड्याळ तुझं होतं, मोजणी माझी."

"मग आता एकदाच, चाचणीपुरतं, गो म्हटलं की उठा. दहा सेकंदांचा प्रश्न आहे. नाहीतर वर नेतील."

"नाही."

"मास्तर, हट्ट करू नका."

तेव्हा त्यांनी मला तो सामना सांगितला. अंतिम सामना, घरचं मैदान, पहिली बायको पुढच्या रांगेत. दुसऱ्या फेरीत डाव्या हुकच्या ठोशानं खाली पडले. हौशी बॉक्सिंगमध्ये कुणी खाली पडलं की पंच आठ मोजेपर्यंत लढत पुन्हा सुरूच होत नाही. म्हणजे आठ सेकंद तुमचे हक्काचे. मास्तर चारला उठले. का, तर बायको बघत होती. चार ते आठ ते उभे राहिले, आणि उभे असताना पाय थरथरले. पंचानं पाय पाहिले आणि सामना थांबवला.

"बसून राहिलो असतो तर ते थरथरणं कुणाला दिसलं नसतं," ते म्हणाले. "मी लाजेनं उठलो, डॉक्तोरा. त्या दिवशी ठरवलं, आठाच्या आधी नाही. पंचासाठी नाही, बायकोसाठी नाही. तुझ्या त्या टॅब्लेटवाल्या पोरासाठी तर नाहीच."

मी चिडून घरी आले. आईला सांगितलं की म्हातारा मूर्ख आहे, दहा सेकंदांसाठी कुलपात जाऊन बसणार. वाटलं होतं ती मला साथ देईल.

"मूर्ख कायले? ऊठ म्हनलं का उठाचं, हे आपल्या घरात कवा चाललं?"

हे समजायला आमच्या घरातली एक गोष्ट माहीत हवी. आईचे वडील स्वतःच्या दारात, स्वतःच्या बाजेवर बसलेले असले आणि समोरून पाटलाच्या घरचं कुणी गेलं, की त्यांना उठून उभं राहावं लागे. एकदा उठायला उशीर झाला, तर त्यांची बाज विहिरीत टाकली. आजोबांनी नवी बाज विणली, पुन्हा दारातच मांडली, तिच्यावर बसले आणि त्यानंतर उठले नाहीत. गाव सोडून नागपूरला यावं लागलं. आई ही गोष्ट सांगते तेव्हा गाव सुटल्याचं काही बोलत नाही. बाज कोणत्या दोरीनं विणली होती, ते सांगते.

मी चाचणीचं कार्ड काढून वाचलं. वीस वर्षं पाठ असलेली गोष्ट माणूस वाचत नाही. कार्डावर लिहिलं होतं की घड्याळ 'गो' या शब्दावर सुरू करावं. 'गो'च्या आधी पेशंटशी काय बोलावं, याबद्दल काहीच नव्हतं. पेशंटला त्याच्या भाषेत सूचना द्यावी, एवढं मात्र होतं. आणि खरं सांगायचं तर रोज वीस जणांना मीच सांगते की पलंगावरून लगेच उठू नका, आधी जरा बसा, चक्कर येते. ज्या गोष्टीसाठी बाकीच्यांच्या पाठीवर थाप मारायची, तीच गोष्ट मी या माणसाच्या रिपोर्टात दोष म्हणून लिहिली होती.

चाचणीच्या दिवशी मॅनेजर आला. त्याच्या टॅब्लेटवर फ्लोरिडाची मुलगी. आई कोपऱ्यात स्टुलावर. मास्तर खुर्चीत, दाढी स्वतः केलेली, हनुवटीवर दोन ठिकाणी कापसाचे तुकडे. मी घड्याळ हातात घेतलं आणि म्हणाले, "उनो."

मॅनेजर म्हणाला, "हे काय चाललंय?"

"पेशंटच्या भाषेत सूचना. दोस. त्रेस."

"हे ॲलाउड आहे?"

"कार्ड वाच. क्वात्रो."

मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत नव्हते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोजायचं काम दुसऱ्यानं घेतलं होतं. सिंको. सेइस. टॅब्लेटमधून मुलगी काहीतरी म्हणाली आणि थांबली, बापाला ती आमच्यापेक्षा जास्त ओळखत होती. सिएते.

"गो," आठाच्या जागी मी म्हणाले आणि घड्याळ सुरू केलं.

ते उठले. खुर्चीच्या हातांना न धरता. रेघेपर्यंत गेले, डाव्या पावलावर असे वळले जसं कुणीतरी त्यांना रिंगच्या दोरांकडे ढकलत होतं आणि ते निसटले, परत आले, बसले. वेळ नियमात. वर दोन सेकंद शिल्लक.

मग ते पुन्हा उठून उभे राहिले आणि तसेच थांबले, उजवा हात किंचित पुढे करून. मला कळेना. मी तो हात धरला आणि नाडी मोजली. आई स्टुलावरून उठली, मला बाजूला सारलं, त्यांचं मनगट धरलं आणि हात वर केला, अगदी टीव्हीवर पंच करतात तसा. तिची उंची चार फूट अकरा. हात फार वर गेला नाही. टॅब्लेटमधून टाळ्या ऐकू आल्या.

मी फॉर्मवर लिहिलं, 'सूचना समजतात. उठण्यापूर्वी आठपर्यंत मोजतो. ही सुरक्षित सवय आहे, मोडू नये.' आधीच्या तिन्ही रिपोर्टांखाली दुरुस्ती जोडून सही केली. मॅनेजरला ते आवडलं नाही. तसं त्यानं सांगितलंही.

त्यानंतर मास्तर चौदा महिने तळमजल्यावर राहिले. ऑगस्टमध्ये गेले, सकाळी, वजन करून घेतल्यावर. साठ भरलं होतं. मुलगी आली, लग्नाचा फोटो आणि पिवळ्या पट्ट्या घेऊन गेली. पांढऱ्या इथेच राहू दे म्हणाली. वर्ग मी चालवत होते, पण मला ठोसे शिकवता येत नाहीत आणि शिव्या खाणं मला आवडत नाही, त्यामुळे तो रडतखडत चालला होता. खोली मागण्याचं कारण तेच. सहा पेशंटसाठी अख्खी खोली कशाला?

चहा संपला होता. मी हुकचा स्क्रू दोन फेरे सैल केला. मग फोन काढून नागपूरला लावला. तिथे रात्र होती, पण आई जागी असते. सांगितलं, बॅग काढते आहे.

"कोन सांगितलं?"

"मॅनेजरनं."

"अन् तू लगेच निघाली पाना घेऊन?"

मी फोन ठेवला. स्क्रू पुन्हा घट्ट केला आणि शिडी जागेवर ठेवून घरी आले.

सोमवारी सकाळी मी साडेसहाला ऑफिसात होते. सहाही जणांच्या उपचारांच्या आराखड्यात 'बॅगवरचा व्यायाम, आठवड्यातून दोनदा' असं लिहिलं. राउंडवर आलेल्या डॉक्टरीणबाईंसमोर सहा कागद ठेवले. त्यांनी पहिला नीट वाचला, दोन प्रश्न विचारले आणि सहांवर सही केली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या उपचाराचं साधन खोलीतून काढायचं तर आता मॅनेजरला माझ्याशी नाही, त्यांच्याशी बोलावं लागेल. मग हार्डवेअरच्या दुकानातून येताना आणलेली वीतभर साखळी मधे जोडली आणि बॅग खाली घेतली, म्हणजे खुर्चीत बसलेल्यांच्या खांद्याच्या रेषेत आली. ती आजवर मास्तरांच्या उंचीवर टांगलेली होती. हे आधीच करायला हवं होतं.

मंगळवारची वाट न बघता बोलावलेले सगळे नऊला आले. मी पोस्टवालीच्या हातांना आईची साडी बांधली. ती म्हणाली, घट्ट बांधतेस, रक्त थांबवशील, आणि मग ते दुसरंही म्हणाली, जे ती मास्तरांना म्हणायची. तिला आज उभ्यानं मारायचं होतं. मी म्हटलं ठीक आहे, आणि मोजायला सुरुवात केली. बाकीच्यांनी सूर धरला.

मॅनेजर दारात आला. त्यानं बॅगकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आय थॉट आय सेड—"

मी हात आडवा केला. आम्ही अजून पाचावर होतो.